मर्व काकाचा जोड

१२ जानेवारी

मर्व काका,

पाकीट फोडलंस म्हणजे अर्धं काम झालं. आता शेवटपर्यंत वाच, मग हवं तर उसाच्या चिपाडांत घालून जाळ.

मी घडवंची बांधते आहे. तीन पायऱ्यांची, जुन्या गोठ्यात, तुझी होती त्याच जागी. सर्वांत वर गरम पाण्याचं भांडं, मधे बिअरचं माल्ट भिजवायचं, खाली उकळायचं. पाणी आपल्या वजनाने वरून खाली उतरेल, उकळतं भांडं कुणी हातांनी उचलायचं नाही. मार्चमध्ये ग्वेन मावशीच्या मळ्यात हॉप्सच्या कडू फुलांची कापणी सुरू झाली, की पहिल्या दिवसाचे ओले हॉप्स आपल्या भांड्यात पडले पाहिजेत. तुझ्या अपघातानंतर मागची तीन वर्षं पडले नाहीत. यंदा पडणार.

बाबांना सांगितलं तेव्हा ते टीव्हीसमोर होते.

"कशाला?" त्यांनी विचारलं.

"बिअर करायला."

"दुकानात मिळते."

"दुकानातली तुम्हाला आवडत नाही."

"आवडते की. रोज पितो."

"रोज तर तुम्ही रक्तदाबाची गोळीही घेता."

आई स्वयंपाकघरात हसली. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "चार वर्षं शिकलीस ते लोकांना 'बूट घाला' सांगायला. आता घरात 'शेगडीपासून लांब राहा' सुरू करशील."

लोकांना बूट घालायला सांगणं, हे माझ्या शिक्षणाचं तसं फार वाईट वर्णन नाही. माझ्या विषयाचं नाव कामाच्या जागेची सुरक्षितता. आपल्या घरातली पहिली पदवी म्हणून आईने प्रमाणपत्र फ्रिजवर चुंबकाने लावलं आहे, खाटकाच्या कॅलेंडरशेजारी. त्या चार वर्षांतली एकच गोष्ट मला मनापासून पटली आहे: अपघात आपोआप होत नाही. कुठेतरी कुणाचं तरी काहीतरी बघायचं राहिलेलं असतं. ते सापडतं. फक्त शोधायला कुणालातरी खाली वाकावं लागतं.

तुझ्या पायाबद्दल विचारणार नव्हते. विचारते. बूट घालता येतो का आता?

एक कामाचा प्रश्न: वरच्या कुरणाचं जुनं फाटक मोडून पडलं आहे. त्याचा पाइप जाड आहे आणि फुकट आहे. घडवंचीला वापरू का?

उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. पण मी पाइप सोमवारी कापायला घेणार आहे.

टीगन


२९ जानेवारी

मर्व काका,

मगरीचं चित्र असलेलं तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांत तुझं पहिलं अक्षर, आणि त्यात काय? "फाटकाचा पाइप नको. त्यावर जस्त असतं. जळलं की छातीत बसतं. काळं लोखंड घे." आणि कडेला, तिकिटाखाली दाबून: "जुनीचे पाय मोज."

'प्रिय' नाही, 'तुझा' नाही. तरी मी ते दिवसभर खिशात ठेवलं.

टपालपेटीतून आईनेच काढलं होतं. एप्रनमधून माझ्या हातात देताना म्हणाली, "मगरीच्या पाठीवर लिहील, पण भावाला लिहिणार नाही. एकाच आईची दोन लेकरं, दोघंही तोंडात खिळे धरून बसलेली." बाबांना तिने दाखवलं नाही. मीही नाही. मी तुला लिहिते हे त्यांना अजून ठाऊक नाही.

तर काळं लोखंड आणलं. चौकोनी, चांगल्या जाडीचं. शनिवारी वेल्डिंगच्या वर्गाला जाते. माझा पहिला जोड बघून शिकवणारा म्हणाला, "कोंबडी शिटून गेली का इथून?" दुसऱ्याला म्हणाला, "कोंबडी आता विचार करून शिटते आहे." ही प्रगती आहे असं मी धरलं.

पण घरी काम अडलं. उन्हाळ्याची आगबंदी लागली आहे. पश्चिमेच्या डोंगरांवर धूर, वारा असा की चिनाराच्या रांगा आडव्या होतात. लोखंड कापताना ग्राइंडरची एक ठिणगी उडाली तर दंड राहिला बाजूला, ग्वेन मावशीचा सगळा मळा काडीसारखा जाईल. म्हणून मी हाताच्या करवतीने कापायला बसले. एकेका तुकड्याला इतका वेळ लागतो की मधे आई चहा देऊन जाते आणि कप परत न्यायलाही येते. तळहातांची कातडी गेली. बंदी कधी उठेल ते वाऱ्याच्या हातात आहे, कापणी कधी येईल ते हॉप्सच्या. माझ्या हातात करवत आहे.

काल संध्याकाळी परत गोठ्यात गेले तर बाकावर नवं पातं ठेवलेलं होतं. जुनं काढून कचऱ्यात टाकलेलं. जेवताना बाबा बटाट्यांकडे बघत म्हणाले, "पातं उलटं लावलं होतंस. अख्ख्या दरीला ऐकू येत होतं."

एवढंच. पण पातं त्यांनी गावात जाऊन आणलं होतं, आणि गावात ते हल्ली कुठे जातात?

जुन्या घडवंचीचे पाय का मोजायचे ते कळलं नाही. ती गोठ्यामागे ताडपत्रीखाली पडली आहे, अपघाताच्या दिवशी ओढून टाकली तशीच. वर ब्लॅकबेरीची जाळी वाढली आहे. माझ्यासमोर तरी त्या ताडपत्रीला कुणी हात लावलेला नाही. पण तू सांगितलंस म्हणून मोजेन. मोजल्याशिवाय कारण कळत नाही, हे आमच्या वर्गातही सांगायचे.

टीगन


१५ फेब्रुवारी

मर्व काका,

हे पत्र मी तीनदा लिहिलं. हे चौथं पाठवते, कारण यात सर्वांत कमी ओरडा आहे.

आधी तुला एक सांगायला हवं, जे आजवर लपवलं. मी घडवंची बिअरसाठी बांधायला घेतली नाही. डिसेंबरमध्ये परीक्षा संपवून घरी आले, पेट्रोल भरायला थांबले. पुढच्या गाडीची मागची पट्टी लोंबत होती. पंपावरचा क्लिफ ती बघून म्हणाला, "मर्वचा जोड दिसतोय." गाडीवाला हसला. तो वीस वर्षांचा पोरगा, बाहेरचा, तुला ओळखतही नसेल. काका, आपल्या दरीत आता कशाचाही तुकडा पडला, खुर्चीचा, दाराचा, कुणाच्या संसाराचा, तरी म्हणतात मर्वचा जोड. ज्यांचे ट्रॅक्टर तू जोडलेस, ज्यांची हॉप्स तोडायची यंत्रं तू चालती ठेवलीस, तेच म्हणतात. तू तिकडे लांब उत्तरेला, उसात नि मगरींत का गेलास ते मला त्या दिवशी कळलं.

तर परवा मी जाळी कापली आणि ताडपत्री उचलली.

मी मनाची तयारी केली होती. वाटलं होतं, तुटलेला जोड दिसेल, मग निदान कसा तुटला ते तरी समजेल. सगळे जोड पाहिले. तारेच्या ब्रशने गंज काढून, बोट फिरवून, हातोडी मारून. एकही सुटलेला नाही. एकाला चीरसुद्धा नाही. वरची चौकट तर आजही घंटेसारखी वाजते.

मग पाय मोजले.

तीन सारखे. चौथा आखूड. चौथ्याच्या टोकाला आटे आहेत आणि आट्यांवर काहीच नाही. तेव्हा आठवलं: गोठ्याची जमीन मोरीकडे उतरती आहे, आजोबांच्या वेळी गाई धुवायच्या म्हणून तशीच केलेली. उतारावरच्या त्या एका पायाला तू फिरवून उंच-बुटका करता येणारा लोखंडी तळवा केला होतास. मी लहानपणी तो फिरवत बसायची आणि तू ओरडायचास. तो तळवा नव्हता. पायाजवळ ताडपत्रीत एक लाकडी पाचर होती, भिजून भिजून केकसारखी झालेली. नखाने तुकडा निघाला.

घडवंची तुझ्या जोडातून मोडली नाही. पाचर दबली, घडवंची कलली आणि वरचं गरम पाण्याचं भांडं तुझ्या अंगावर आलं.

तळवा कुठे गेला ते शोधायला वेळ लागला नाही. काल अंडी गोळा करायला वाकले. खुराड्याच्या मोरीकडच्या कोपऱ्याखाली तो आहे. खुराडं एकदम सरळ उभं आहे, आपल्या आवारातली तेवढी एकच वस्तू सरळ असेल.

मी आईला विचारलं. तिने हात पुसले. मग म्हणाली, "त्या हिवाळ्यात खुराडं कललं होतं. ग्लेन म्हणाला, आठवडाभरासाठी लावतो. मग मेंढ्या व्यायला लागल्या."

"आणि अपघातानंतर? बाबांना आठवलं नाही?"

"मी कोंबड्यांकडे बघते, टीगन. कोंबड्यांखाली बघत नाही."

बाबांना मी विचारलेलं नाही. ते त्या दिवशी घाबरले होते, तुझी कातडी बुटाबरोबर निघाली ती त्यांनी पाहिली, आणि इस्पितळाबाहेर कुणी विचारलं तेव्हा तोंडातून पहिलं जे आलं ते बोलले: जोड सुटला. एकदा बोललेलं गावभर झालं. मग खाली वाकून बघायचं धैर्य झालं नसेल. हे मी त्यांच्या बाजूने लिहीत नाही. फक्त शोधायचं म्हटलं की सगळंच सापडतं, त्यांची भीतीसुद्धा.

पण तुला हे माहीत होतं. "जुनीचे पाय मोज." तू जमिनीवर पडला होतास तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर घडवंचीचा तो पायच असणार. तू का बोलला नाहीस? तुझं नाव खराब होत होतं!

मी काय करायचं ते ठरवलं आहे. आगबंदी उठली आहे. नव्या घडवंचीच्या खालच्या दोन पायऱ्या माझ्या असतील. वरची पायरी तुझी जुनी चौकट असेल, तुझ्याच जोडांसकट.

टीगन


३ मार्च

मर्व काका,

तुझं दुसरं कार्ड आलं. मी एवढं लिहिलं आणि तुझं उत्तर: "तळवा काढलास तर खुराड्याखाली वीट ठेव. कोंबड्या घाबरतात."

ठेवली वीट. कोंबड्या बऱ्या आहेत. माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे.

आता काल काय झालं ते ऐक.

घडवंची उभी राहिली. तळवा त्याच्या जागी, पाणसळीचा बुडबुडा मधोमध, तिरप्या पट्ट्या चारही बाजूंना. माझे जोड सुंदर नाहीत, पण शिकवणारा म्हणाला की ही कोंबडी आता लग्नाला न्यायच्या लायकीची आहे. विस्तव लावण्याआधी वजन घालून बघायचं, हा माझा नियम. तिन्ही भांडी भरली की पाचेक माणसांचं वजन होतं. मग पाण्याने कशाला, माणसांनीच करू म्हटलं. दुपारच्या चहाला बोलावलं: ग्वेन मावशी आली. आणि मुद्दाम, क्लिफलाही बोलावलं.

क्लिफ आल्या आल्या म्हणाला, "विमा उतरवलाय ना?"

"तू खालच्या पायरीवर बस," मी म्हटलं. "पडलास तरी बुटांवर पडशील."

तो आणि आई खाली बसले, सॉसेज रोलची ताटली मधे घेऊन. मधल्या पायरीवर ग्वेन मावशी आणि मी. मावशी चढताना म्हणाली, "कंबर धरली तर हॉप्स तुझा बाप तोडणार हं." वरची पायरी रिकामी होती. बाबा दारात उभे होते, आत येत नव्हते.

"ग्लेन, तू का उभा?" मावशीने हाक मारली. "सर्वांत जड तूच आहेस."

ते आत आले. वर बघितलं आणि थबकले. "ही चौकट कुठली?"

"आपलीच," मी म्हटलं. "जुनी."

"मर्वची? टीगन, काढ ती. आत्ता काढ. सगळे उतरा."

"आधी बघा तिला."

"बघायचं काय त्यात?"

"तुम्ही कधी बघितलीच नाही, बाबा."

काका, मी हे मोठ्याने बोलले, सगळ्यांसमोर. आईने माझ्या घोट्याला हात लावला, थांब म्हणून की चालू दे म्हणून, ते कळलं नाही. मी थांबले नाही. "जोड बघा. मग तुम्ही म्हणालात तर मी स्वतः ग्राइंडरने कापून टाकीन."

बाबांनी खिशातून चष्मा काढला. चौकटीच्या पहिल्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला, मेंढीच्या तोंडात दात बघतात तसा, सावकाश. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. चौथ्या कोपऱ्यापाशी खाली वाकले, त्या पायाच्या रेषेने खाली खाली, आणि गुडघे टेकून तळव्याकडे बघत राहिले. क्लिफ सॉसेज रोल चावायचा थांबला.

मग बाबांनी मान वळवून दारातून बाहेर, खुराड्याकडे पाहिलं. विटेकडे.

"क्लिफ," ते तसेच गुडघ्यांवर बसून म्हणाले, "हा तळवा कुठे होता ठाऊक आहे? माझ्या कोंबड्यांखाली."

"म्हणजे त्या दिवशी—"

"त्या दिवशी इथे लाकडाची पाचर होती. मी मारलेली."

क्लिफच्या डोक्यात ते उतरायला जरा वेळ लागला. "मग तीन वर्षं आपण उगाच—"

"तीन वर्षं मी," बाबा म्हणाले. "तुम्ही माझं ऐकून."

ते उठले आणि वर चढले. त्या वयात, त्या पोटाने, कुणाचा हात न घेता. वरच्या पायरीवर बसले आणि पाय खाली सोडले. घडवंची कुरकुरलीसुद्धा नाही. बाहेर कोंबड्या उकरताना ऐकू येत होत्या. मग आई खालून म्हणाली, "चढलास खरा. उतरणार कसा?"

तेव्हा ग्वेन मावशी हसायला लागली, आणि मग क्लिफ, आणि अख्खी घडवंची आमच्या हसण्याने हलायला हवी होती. नाही हलली.

सगळे गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "आता काकाला लिहा. माफी मागा. नीट, शब्दांत." तेव्हाच सांगितलं की मी तुला लिहिते आहे, मगरीची दोन्ही कार्डं दाखवली. त्यांनी ती हातात धरून वाचली, विटेचं दोनदा.

"मी काय पत्र लिहिणारा माणूस आहे?" म्हणाले आणि निघून गेले.

मला राग आला. अजून आहे. एवढं सगळं करून शेवटी एक वाक्य त्यांच्याकडून निघू नये?

टीगन


१२ मार्च

मर्व काका,

तिसरं कार्ड आलं. या खेपेला मगर नाही, नुसता समुद्र. "मी सांगून उपयोग नव्हता. त्यानेच बघायला हवं होतं."

मी ते वाचून बाबांना दिलं. त्यांनी खिशात घातलं आणि परत दिलं नाही.

गेल्या पत्रातला राग मागे घेते. कारण सांगते.

सोमवारी हॉबार्टच्या नव्या नोकरीवरून घरी आले तर गोठ्यात रंगाचा वास. बाबा घडवंची रंगवत होते. फाटकासाठी आणलेला तो गडद हिरवा रंग. चांगलं रंगवत होते, माझ्या कोंबडीच्या जोडांवर तर दोन हात दिले होते, दया म्हणून असेल. फक्त वरच्या चौकटीचे चार कोपरे सोडले होते. त्यांना चिकटपट्टी लावून झाकलं होतं, आणि मी पोचले तेव्हा ते एकेक पट्टी सोलून काढत होते. हिरव्यात चार उघडे, घासून चमकवलेले जोड. दारातून आत पाय टाकला की नजर तिथेच जाते.

"हे राहिलं," मी म्हटलं.

"राहिलं नाही. ठेवलं." ते पट्टीचा बोळा करत होते. "मर्व म्हणायचा, रंग लपवणाऱ्यासाठी असतो. जो येईल त्याला दिसू दे. आज क्लिफ येऊन फोटो काढून गेला. म्हणाला, पंपावर लावतो."

मला हवं असलेलं वाक्य त्यांना लिहिता येत नाही, पण त्यांनी ते हिरव्या रंगाने सभोवार लिहिलं होतं.

तरी मी पडले सुरक्षिततेवाली. म्हटलं, "बाबा, उघडं लोखंड आहे. आणि खाली रोज वाफ. गंजेल."

"गंजणारच."

"मग?"

"तेल लावायचं. दर कापणीच्या आधी. विसरायचं नाही."

"लावीन मी."

"तू नाही." त्यांनी कुंचला टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझंही काम नाही ते. ज्याचा जोड, त्याने येऊन लावायचं. लिही त्याला."

म्हणून लिहिलं.

ग्वेन मावशी शनिवारी, २१ला, पहिली रांग कापते आहे. तोडलेले हॉप्स ढिगात ठेवले तर संध्याकाळपर्यंत तापतात, तुला ठाऊकच आहे. ते त्याच दिवशी भांड्यात पडतील. तेलाची कुपी वरच्या पायरीच्या आकड्याला टांगली आहे. शुक्रवारपर्यंत तिला कुणी हात लावणार नाही.

बूट घालता येत नसेल तर चपलेवर ये. या एका दिवसापुरतं मी काही बोलणार नाही.

टीगन